खपल्या काढणाऱ्या हातांसाठी हायड्रोकोलॉइड पट्ट्या: आठ महिने वापरल्यानंतर

पाकिटावर 'मुरुमांसाठी' असं लिहिलेलं असतं. मी त्या मुरुमांसाठी घेतल्या नव्हत्या. माझ्या अंगावरच्या जखमा माझ्याच नखांनी झालेल्या आहेत आणि आठवीत असल्यापासून होत आल्या आहेत. आता मी चौतीस वर्षांची आहे. या पट्ट्यांबद्दल जे काही वाचायला मिळतं ते सगळं चेहऱ्यावरची एखादी पुटकुळी एका रात्रीत कशी बसली याबद्दल असतं. माझ्यासारख्या माणसाने त्या वापरल्या तर काय होतं, हे कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी वस्तूबद्दल. ही एक पातळ, जवळजवळ पारदर्शक गोल चकती असते, आठ, दहा किंवा बारा मिलिमीटरची. आतली चिकट बाजू पाणी शोषणाऱ्या पदार्थांची, म्हणजे जिलेटिन, पेक्टिन, कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज अशांची असते. वरून पॉलियुरेथेनचा अगदी पातळ पापुद्रा, त्यामुळे बाहेरचं पाणी आत जात नाही. जखमेतून झिरपणारा द्राव आतला थर ओढून घेतो, फुगतो आणि त्याचं जेल होतं. रुग्णालयात हीच गोष्ट मोठ्या चौकोनी ड्रेसिंगच्या रूपात वर्षानुवर्षं वापरली जाते. छोट्या चकत्या म्हणजे तिचंच लहान रूप. मी तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या वापरल्या. कंपन्यांची नावं देत नाही, कारण साध्या पट्टीत मला फारसा फरक जाणवला नाही. जो फरक पडला तो आकाराने पडला, त्याबद्दल पुढे येईलच.

आता माझं काय होतं ते सांगते, नाहीतर बाकीचं कळणार नाही. मी वाचत असते किंवा फोनवर बोलत असते आणि डावा हात आपोआप उजव्या खांद्यावर जातो. बोटाचं टोक कातडीवरून फिरत राहतं. त्याला कुठेतरी एक खरखरीत कण लागतो, वाळूच्या दाण्याएवढा. तिथे बोट थांबतं. मग नख त्या कणाची कड शोधतं. कड सापडली की नख तिच्याखाली सरकतं, आणि ती उचलली जाण्याच्या क्षणी डोक्यातली सगळी खुडबुड एकदम शांत होते. तो क्षण फार छोटा असतो. त्यानंतर बोटाला ओल लागते, नखाच्या कडेला लाल रेघ दिसते आणि मला कळतं की मी पुन्हा केलं. हनुवटीच्या बाबतीत तर आरशासमोर उभं राहून चाळीस-चाळीस मिनिटं गेलेली आहेत. दिवा लावायचा, चेहरा आरशाला चिकटवायचा, आणि 'एवढं एकच साफ करते' असं म्हणत म्हणत पाच जागा उघड्या करायच्या.

घरी याला टोकरणं म्हणायचे. 'टोकरू नकोस गं.' हे वाक्य मी किती हजार वेळा ऐकलं असेल. त्याला आजाराचं नाव आहे हे मला तिशी ओलांडल्यावर कळलं. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१३ साली, त्वचा टोकरण्याच्या विकाराला पहिल्यांदा स्वतंत्र निदानाची जागा मिळाली. ती ओसीडी (नको ते विचार पुन्हा पुन्हा येणं आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागणं) आणि त्याच्याशी संबंधित विकारांच्या प्रकरणात आहे, केस उपटण्याच्या विकाराच्या शेजारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणातही आता तो ओसीडीच्याच गटात आहे. खरं तर एरॅस्मस विल्सन या इंग्रज त्वचातज्ज्ञाने १८७५ सालीच अशा रुग्णांचं वर्णन करून ठेवलं होतं. म्हणजे डॉक्टरांना हे दिसत होतं. आम्हाला मात्र 'वाईट सवय' एवढंच सांगितलं जात राहिलं.

ओसीडीला आपल्याकडचे जुने डॉक्टर मंत्रचळ म्हणतात. माझा विकार आणि मंत्रचळ शेजारी राहतात, पण एका घरात नाही. हे मी अगदी जवळून सांगू शकते, कारण माझ्या दादाला ओसीडी आहे. त्याच्या हातांबद्दल पुढे लिहिते, त्याला विचारूनच.

पहिली पट्टी मी हनुवटीवर लावली. जखम ताजी होती, साधारण मुगाच्या डाळीएवढी. पाण्याने धुतली, टिपून कोरडी केली, वर चकती ठेवून अर्धा मिनिट बोटाने दाबून धरली. सकाळी तिच्या मध्यभागी पांढरा फुगवटा आलेला होता. पुष्कळ लोक याला 'पू ओढून काढला' म्हणतात. तो पू नसतो. द्राव शोषून फुगलेलं ते जेल असतं. मोठ्या पट्टीखाली ते पिवळसर दिसतं आणि त्याला थोडा वासही येतो. पहिल्यांदा मी घाबरले होते. आजूबाजूची कातडी लाल, गरम किंवा ठणकणारी नसेल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पट्टीखाली खपली धरत नाही. माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. लहानपणापासून आपल्याला सांगितलेलं असतं की जखम उघडी ठेव, वारा लागू दे, खपली धरली की बरी होईल. जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ साली डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवलं की ओलसर झाकून ठेवलेल्या उथळ जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने चढते. कोरड्या खपलीखाली नव्या पेशींना वाट काढत सरकावं लागतं, ओलाव्यात त्या सरळ पसरतात. सामान्य माणसाला यातून फक्त जखम लवकर बरी झाल्याचा फायदा होतो. टोकरणाऱ्या माणसासाठी खपली म्हणजे कड, आणि कड म्हणजे नखाला आमंत्रण. माझी एक जखम महिनोन्महिने जिवंत राहायची ती याचमुळे. चौथ्या दिवशी खपली सुकायची, पाचव्या दिवशी मी ती काढायचे, पुन्हा पहिला दिवस. माझ्या उजव्या दंडावर एक जागा अशी आहे जी सलग दोन वर्षं कधी बंदच झाली नव्हती. पट्टीखाली ती अकरा दिवसांत बंद झाली. मी त्या जागेवरून बोट फिरवून बघत होते आणि बोटाला काहीच लागत नव्हतं. मला रडू आलं.

दुसरा फायदा मला आधी सुचलाच नव्हता. पट्टीचा वरचा पापुद्रा गुळगुळीत असतो. हात नकळत तिथे गेला की बोट घसरतं. त्या घसरण्याने मला जाग येते. आधी माझं लक्ष जायचं तेव्हा रक्त आलेलं असायचं. आता ते त्याच्या आधी, बोट कातडीवर असतानाच जातं. ही मधली दोन-तीन सेकंदं मला वीस वर्षांत कधी मिळाली नव्हती.

पण दुसऱ्या आठवड्यात एक गोष्ट झाली, आणि ती कुठल्याच पाकिटावर लिहिलेली नसते.

त्या रात्री झोप येत नव्हती. खांद्यावरच्या पट्टीचा फुगवटा बोटाला लागत होता आणि तिच्या कडेला एक बारीकशी सुटलेली किनार होती. नख तिथे गेलं. किनार उचलली गेली तेव्हा तोच जुना क्षण आला, तसाच्या तसा, ती डोक्यातली शांतता. मी पट्टी हळूहळू सोलून काढली, दिव्याखाली धरून आतलं जेल बघितलं, मग दुसरी काढली. मग तिसरी. एका तासात मी अंगावरच्या सगळ्या पट्ट्या काढल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर चिकटलेली नवी नाजूक कातडीही. सकाळी आधीपेक्षा वाईट अवस्था होती. पट्टीलाही कड असते, आणि ती उघडून आत काय जमलंय हे बघण्याची ओढ खपलीपेक्षाही जबरदस्त असू शकते, हे मला तेव्हा कळलं. तुम्हाला टोकरण्याचा विकार असेल तर हे आधीच माहीत असू द्या. त्या रात्री मला वाटलं की माझ्यासाठी काहीच कामाचं नाही, आणि पुढचे दहा दिवस मी पाकिटाला हात लावला नाही.

नंतर जे जमलं ते असं. छोट्या चकत्या मी चेहऱ्यापुरत्याच ठेवल्या. खांदा, दंड आणि पाठीसाठी दहा बाय दहा सेंटिमीटरचं मोठं ड्रेसिंग आणते आणि कात्रीने कापते. तुकडा जखमेच्या चारी बाजूंनी निदान दोन सेंटिमीटर पुढे यायला हवा. कोपरे गोल कापायचे, कारण टोकदार कोपरा कपड्याला घासून आधी सुटतो. लावण्याआधी तळहातांमध्ये धरून तुकडा थोडा गरम केला की तो चांगला बसतो. कडेने कागदी चिकटपट्टी लावते. ती दिसायला बरी दिसत नाही, पण नखाला किनार सापडत नाही. आणि पट्टीवर बारीक मार्करने लावल्याची तारीख आणि वेळ लिहिते. ही कल्पना माझ्या समुपदेशक बाईंची. हात तिथे गेला, मान वळवून बघितलं, की अक्षरं दिसतात: 'मंगळ, रात्री ९'. म्हणजे अजून दोन दिवस तरी उघडायची नाही. कुणी दुसऱ्याने सांगितलं की मला चीड येते, माझ्याच अक्षरात असलं की येत नाही.

काढतानाही एक रीत आहे. वर ओढायची नाही. एक टोक सोडवायचं आणि कातडीला समांतर ताणत न्यायचं, म्हणजे गोंद आपोआप सुटतो. अंघोळीच्या कोमट पाण्याखाली आणखी सोपं जातं. मी आता पट्टी फक्त अंघोळीच्या वेळी काढते आणि तिथेच टाकून देते. खोलीत, दिव्याखाली, कधीच नाही.

काही जागी या पट्ट्या टिकतच नाहीत. बोटांच्या कडा, नखांच्या बाजूची कातडी, इथे तासाभरात निघतात, कारण हात सतत ओले होतात आणि सांधे वळतात. नखांभोवती कुरतडणाऱ्यांनी यावर भिस्त ठेवू नये. केसांच्या रेषेजवळ लावली तर काढताना केस ओढले जातात, आणि ज्यांना केस उपटण्याचाही त्रास आहे त्यांनी तर तिथे लावूच नये. खाली मलम किंवा तेलकट क्रीम असेल तर गोंद धरत नाही. काही पट्ट्यांच्या गोंदात राळेपासून केलेले घटक असतात आणि ते काहींना सोसत नाहीत. माझ्या मैत्रिणीला पट्टीच्या आकाराचा लालबुंद, खाजरा चौकोन उठला. आधी हाताच्या आतल्या बाजूला छोटा तुकडा लावून दोन दिवस बघावं.

चेहऱ्यासाठी सॅलिसिलिक आम्ल घातलेल्या आणि अतिसूक्ष्म सुया असलेल्या पट्ट्याही मिळतात. त्या बंद मुरुमासाठी आहेत. टोकरलेल्या उघड्या जखमेवर मी एकदा सॅलिसिलिकवाली लावली आणि दहा मिनिटांत आग आग होऊन काढावी लागली. आपल्याला साधीच हवी, औषध नसलेली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: संसर्ग झालेल्या जखमेवर ही पट्टी लावायची नाही. तिसऱ्या महिन्यात जबड्याजवळची एक जागा मला थोडी सुजलेली वाटली होती. मी विचार केला, झाकली की हात लागणार नाही, आणि लावली. दोन दिवसांनी लाली गालापर्यंत पसरली, हात लावला तर गरम, रात्रभर ठणका, अंगात कणकण. प्रतिजैविकांचा कोर्स घ्यावा लागला. नखांखालून जिवाणू आत जातात, आणि बंद, ओलसर जागेत त्यांचंही फावतं. लाली पसरतेय, ठणका आहे, पू आहे किंवा ताप आहे, तर पट्टी नाही, डॉक्टर.

डॉक्टरांचं निघालं म्हणून सांगते. बरीच वर्षं मी एका त्वचातज्ज्ञांकडे जात होते. दर वेळी मुरुमांचं क्रीम, डागांचं क्रीम, आणि शेवटी 'हात लावायचा नाही बरं का'. मला हात लावायचा नसतो हेच मी त्यांना कसं सांगणार होते? मी कधी सांगितलंच नाही, त्यांनीही विचारलं नाही. संसर्गाच्या वेळी ज्या डॉक्टरबाई भेटल्या त्यांनी माझी पाठ बघितली. मधला भाग, जिथे माझा हात पोहोचत नाही, तो स्वच्छ होता, आणि खांदे भरलेले होते. त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि हळू आवाजात विचारलं, "हात आपोआप जातो का तुमचा?" नुसतं एवढंच. 'तुम्ही असं का करता' असं नाही. त्याच दिवशी त्यांनी मला समुपदेशक बाईंचा पत्ता दिला.

तिथे जे शिकले त्याला सवय पालटण्याचं प्रशिक्षण म्हणतात. नेथन अॅझरिन आणि ग्रेगरी नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली ते मांडलं आणि आजही या विकारावर ते पुढच्या रांगेतलं मानलं जातं. पहिले दोन आठवडे मी थांबायचा प्रयत्नसुद्धा करायचा नव्हता. फक्त वहीत लिहायचं: वेळ, जागा, हातात काय होतं, आधी काय वाटत होतं. माझ्या वहीत दोन गोष्टी उघड दिसल्या. रात्री दहानंतर, आणि न्हाणीघरातल्या आरशावरचा पांढरा दिवा. तो दिवा आम्ही बदलून मंद लावला. मग प्रतिक्रिया शिकवली: हात जागेकडे निघाला हे कळल्या क्षणी मूठ घट्ट आवळायची, कोपर अंगाशी, आणि ओढ ओसरेपर्यंत, निदान एक मिनिट, तशीच ठेवायची. ऐकायला काहीच नाही. करायला पहिले काही दिवस फार अवघड, कारण मूठ आवळण्याआधी हात निघाला हे कळायला लागतं. तिथे पट्टी उपयोगी पडली. बोट घसरलं, कळलं, मूठ आवळली. पट्टीशिवाय मला ती खूण मिळत नव्हती आणि मुठीशिवाय नुसत्या पट्टीने मला त्या रात्रीपर्यंत नेलं होतं.

औषधांबद्दल थोडक्यात. ओसीडीवर देतात त्या एसएसआरआय गटातल्या, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्या टोकरण्यावर काहींना लागू पडतात, काहींना नाही. एन-अॅसिटिलसिस्टीन या औषधाचा १२ आठवड्यांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ६६ जण होते आणि पूर्ण अभ्यास केलेल्यांपैकी औषध घेणाऱ्या ४७ टक्के जणांना चांगला फरक पडला, नकली गोळी घेणाऱ्यांत १९ टक्के जणांना. अभ्यास छोटा आहे. मी डॉक्टरांशी बोलून काही दिवस घेतलं, पोटाला त्रास झाला, बंद केलं. ज्याचं त्याने आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

आता दादा. मी दादा आणि वहिनीकडेच राहते. दादाला जंतूंची भीती आहे. बाहेरून आल्यावर, दाराची कडी लागल्यावर, चपलेला हात लागल्यावर तो हात धुतो, एकदा नाही, मोजून. त्याच्या वाईट दिवसांत त्याच्या बोटांच्या पेरांवरची कातडी कागदासारखी कोरडी होऊन फाटलेली असायची, मूठ मिटली की भेगांतून रक्त यायचं. त्याला कातडीशी काहीच करायचं नसतं. माझं लक्ष कातडीवरच असतं, तो कण, ती कड. त्याचं लक्ष हातावर नसलेल्या कशावर तरी असतं. माझ्या ओढीत एक सुटकेचा क्षण आहे. त्याच्यात नुसती भीती, आणि धुतल्यावर थोडा वेळ भीतीला उतार. आरशात बघितलं तर दोघांचीही कातडी सोललेली.

माझ्या पट्ट्या कामाला आल्या म्हणून मी मोठ्या उत्साहाने दादाच्या भेगांवर लावल्या. "किती वेळ ठेवायची?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "दोन दिवस." दुसऱ्या दिवशी पट्टीच्या कडेला करड्या रंगाची एक बारीक रेघ उमटली. सगळ्या पट्ट्यांना उमटते, किनारीच्या गोंदाला धूळ आणि कपड्याचे धागे चिकटतात. मी ती रेघ कधी बघितलीही नव्हती. दादाला दुसरं काही दिसेना. "अगं, घाण आत चाललीये," म्हणत त्याने ती काढली, हात धुतले, दुसरी लावली, तिची कड बघितली. संध्याकाळपर्यंत पाकीट संपलं आणि हात आणखी फाटले. माझ्याकडून त्याला त्रास झाला याचं मला फार वाईट वाटलं. अति हात धुण्याने झालेल्या त्वचादाहावर ही वस्तू नाही, आणि जंतूंची भीती असलेल्या माणसाला तर देऊच नये.

त्याच्या कातडीला दुसरंच हवं होतं. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात पेशींच्या मध्ये स्निग्ध पदार्थ भरलेले असतात, भिंतीच्या विटांमधल्या चुन्यासारखे. कातडीचा स्वभाव किंचित आम्ल, पीएच पाचच्या आसपास. वडीचा साधा साबण अल्कधर्मी, नऊ-दहाच्या घरात. गरम पाणी आणि साबण दिवसातून चाळीस वेळा म्हणजे तो चुना रोज धुऊन निघतो. त्याच्या त्वचातज्ज्ञांनी साबणाऐवजी सौम्य, बिनवासाचं क्लीन्झर दिलं, पाणी कोमट करायला सांगितलं, प्रत्येक धुण्यानंतर घट्ट मलम आणि भेगांवर काही दिवस स्टेरॉइड. स्टेरॉइड किती लावायचं तेही नीट दाखवलं: तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक रेघ, सुमारे अर्धा ग्रॅम, दोन पंज्यांएवढ्या कातडीला पुरते.

पण मलम चिकट असतं, आणि दादाला चिकट म्हणजे घाण. लावलं की दोन मिनिटांत धुवायचा. हे त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना कळलं तेव्हा त्यांनी मलमच उपचारात घेतलं. त्याचा उपचार म्हणजे भीतीला सामोरं जायचं आणि धुणं रोखून धरायचं, टप्प्याटप्प्याने. कडीला हात लावून थांबणं त्यात होतंच, आता मलम लावून दहा मिनिटं बसणंही आलं. मग वीस. मग रात्रभर. मी त्याच्या शेजारी बसायचे. त्याचे हात मांडीवर पालथे, बोटं पसरलेली, आणि तो घड्याळाकडे बघत असायचा. पहिल्यांदा रात्रभर मलम राहिलं त्या सकाळी त्याने मला हात दाखवले. भेगा होत्याच, पण कडा मऊ झाल्या होत्या. त्वचेचे डॉक्टर आणि मनाचे डॉक्टर एकमेकांशी बोलले म्हणून हे झालं. मला वाटतं हे फार कमी वेळा होतं, आणि ते मागून घ्यायला हवं.

पट्ट्यांकडे परत येते. गुण द्यायचे तर उघड्या, स्वच्छ, उथळ जखमेसाठी पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या किनारीचा. टोकरण्यावरचा एकटा उपाय म्हणून दोन. जुन्या काळ्या डागांवर यांचा काही परिणाम नाही, ते आपल्या गतीने, महिन्यांनी फिकट होतात, आणि सावळ्या कातडीवर जास्त वेळ घेतात. नवा डाग पडला नाही तर जुने मोजता येतात, एवढंच मी सांगू शकते. माझे दंड आता बऱ्यापैकी भरून आले आहेत. हनुवटी अजून अधूनमधून उघडते. परवाच उघडली, कामाचा ताण होता. पट्टी लावली आहे, वर लिहिलंय 'गुरु, दुपारी ४'.

एक अडचण मात्र मी मुद्दाम शेवटी ठेवली. उजव्या खांद्याच्या मागे, फऱ्यावर, जिथे डाव्या हाताची बोटं जेमतेम पोहोचतात, तिथे टोकरता येतं पण पट्टी नीट लावता येत नाही. मी आरशाकडे पाठ करून, मान मोडेपर्यंत वळून प्रयत्न केला. सुरकुती पडते, हवा राहते, कड सुटते. म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी पाठ दाखवणं आलं. मी शाळेपासून बंद गळ्याचेच कपडे घालत आले आहे. डॉक्टर सोडून कुणीही ती बघितलेली नव्हती.

तीन आठवडे मी ती जागा तशीच ठेवली. मग एका रात्री वहिनीच्या दारावर टकटक केलं, हातात कापलेला तुकडा. "वहिनी, जरा मागे एक चिकटवून देतेस का?" तिने दिवा लावला. मी कपडा खाली केला आणि भिंतीकडे बघत उभी राहिले. ती काहीच बोलली नाही. तुकडा तळहातात धरून तिने गरम केला, हे मी तिला सांगितलं नव्हतं, तिने मला करताना बघितलं असणार. मग तो ठेवून हाताचा पंजा पूर्ण दाबून धरला, अर्ध्या मिनिटापेक्षा बराच जास्त वेळ.

"मार्कर आणलायस का?" तिने विचारलं. आणला नव्हता. तिने ड्रॉवरमधून स्वतःचं पेन काढलं आणि माझ्या पाठीवर तारीख लिहिली.